मशरूमच्या कॅप्सूल मी पास केल्या

दवाखान्यात मला तीन माणसांनी एकच प्रश्न विचारला. आधी इमर्जन्सीतल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी, मग वॉर्डातल्या नर्सने आणि दुसऱ्या दिवशी किडनीच्या मोठ्या डॉक्टरांनी. "और कौन-कौन सी दवाई लेते हैं?" तिघांनाही मी तेच सांगितलं. कोलेस्टेरॉलची एक गोळी, रात्री जेवण झाल्यावर, बस. मला काही लपवायचं नव्हतं. माझ्या डोक्यात मशरूमच्या कॅप्सूल औषधात मोडतच नव्हत्या. आणि औषध म्हणजे काय हे मला इतरांपेक्षा जास्त कळतं असा माझा समज होता, कारण गेली सव्वीस वर्षं मी औषधंच तपासतो आहे.

पीथमपूरच्या एका औषध कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला आहे. सकाळी इंदूरहून कंपनीची बस, संध्याकाळी परत. गोळ्यांची बॅच तयार झाली की तिचे नमुने आमच्या लॅबमध्ये येतात आणि आमची सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर पडत नाही. कारखान्यात मी खडूस म्हणून ओळखला जातो. प्रॉडक्शनवाले माझ्या पाठीमागे काय बोलतात ते मला ठाऊक आहे, आणि खरं सांगायचं तर मला त्याचा थोडा अभिमानच होता. हे मोठेपणा मिरवायला सांगत नाही. माझ्यासारख्याच्या हातून जे झालं ते कुणाच्याही हातून होऊ शकतं, म्हणून लिहितो आहे. दुसरं कारण माझी ताई. तिच्याबद्दल लिहिताना हात अडखळतो, पण तिला वगळून ही हकीकत सांगताच येणार नाही.

शनिवारची तपासणी

दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझं कोलेस्टेरॉल वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी एक छोटी गोळी सुरू केली. मी ती मुकाट्याने घेत होतो, पण जन्मभर घ्यायची म्हटल्यावर मनातून खट्टू होतो. मागच्या दिवाळीआधी आमच्या खरेदी विभागातले शर्माजी बसमध्ये शेजारी येऊन बसले आणि बॅगेतून हिरव्या झाकणाची एक डबी काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

"भिया, कब तक केमिकल खाओगे? ये देखो, पाँच तरह का मशरूम। पूरा नेचुरल। मेरे साढ़ू का कोलेस्टेरॉल तीन महीने में नीचे आ गया।"

मी डबी उलटसुलट करून वाचली. पाच मशरूमांची नावं, डोंगराचं चित्र आणि तळाशी बारीक अक्षरांत 'हे औषध नाही' अशी ओळ. असलं काही मी खात नाही, असं मी शर्माजींना ठणकावून सांगितलं. डबी मात्र परत केली नाही.

घरी वंदनाने, म्हणजे माझ्या बायकोने, ती पाहिली. "आता कुत्र्याच्या छत्र्या खाणार तुम्ही? भाजीत आल्या तर ताटात बाजूला काढून ठेवता." ती शाळेत शिकवते. तिचं ऐकून घ्यायची मला सवय आहे, आणि हसून सोडून द्यायचीही.

मग मी तेच केलं जे माझ्यासारखा माणूस करतो. शनिवारी पाळी संपल्यावर लॅबमध्ये थांबलो आणि त्या कॅप्सूल तपासायला घेतल्या. नियमाने असा बाहेरचा नमुना आमच्या यंत्रांवर चालवता येत नाही. पण कुणी गावचा मध आणतो, कुणी सासूबाईंनी कढवलेलं तूप आणतो, आणि शनिवारी ते गुपचूप तपासून घेतलं जातं. ओलावा पाहिला. शिसं, पारा, आर्सेनिक पाहिलं. जंतूंसाठी प्लेटा लावल्या, त्या पाच दिवसांनी वाचल्या. सगळं स्वच्छ. आमच्या कारखान्यातला कच्चा माल कधीकधी याहून वाईट असतो.

शेवटी निव्वळ उत्सुकतेपोटी एका कॅप्सूलचा अर्क काढून एका यंत्रावर चालवला. हे यंत्र कागदावर आलेख काढतं, आणि नमुन्यातल्या प्रत्येक द्रव्याचं त्यावर एक टोक उमटतं. झाडपाल्याचा आलेख म्हणजे गिचमीड, लहानमोठे उंचवटे एकमेकांत मिसळलेले. हाही तसाच होता. फक्त उजव्या बाजूला एक टोक एकटंच उभं होतं, निमुळतं आणि सरळ. मी ते पाहिलं. बराच वेळ पाहिलं. आमच्या गोळीत असं अनोळखी टोक दिसलं असतं तर मी बॅच थांबवली असती, चार जणांची झोप उडवली असती आणि पंधरा दिवस चौकशी चालवली असती. पण आमची सगळी तपासणी चालते ती ठरलेल्या यादीवर. यादीत आहे ते शोधायचं, मर्यादेत बसलं की पास. या डबीला यादीच नव्हती. मग हे टोक चूक तरी कशावरून ठरवायचं? आणि अखेर ती भाजीच की. मी आलेखाच्या पाठीवर पेन्सिलने 'ठीक' असं लिहिलं, कागद चुरगळून टोपलीत टाकला आणि सोमवारपासून रोज सकाळी एक कॅप्सूल घ्यायला लागलो.

ते टोक मला आजही दिसतं. डोळे मिटावे लागत नाहीत.

ताई

आम्ही मूळचे महूचे. आजोबा फौजेत होते, छावणीत आले आणि तिथलेच झाले. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो आणि ताई वीस. मला अंघोळ घालण्यापासून बारावीला रात्री जागण्यापर्यंत सगळं तिने केलं. तिचं लग्न झालं ते महूतच, दोन गल्ल्या सोडून, आणि मला वाटतं तिने अट घालूनच केलं असावं. दाजी फौजेच्या एका स्टोअरमध्ये क्लार्क होते, आता निवृत्त. त्यांना मूलबाळ झालं नाही. ताईसाठी मूल म्हणजे मीच, पन्नाशी उलटली तरी.

तिलाही कोलेस्टेरॉलची गोळी चालू होती, शिवाय शुगरची. दिवाळीला गेलो तेव्हा मी एकदम सहा डब्या घेऊन गेलो. शर्माजींकडून मागवून घेतल्या होत्या. ताईने डबी हातात घेतली आणि जो प्रश्न मी स्वतःला विचारायला हवा होता तो तिने विचारला.

"आनंदा, हे मतलब माझ्या बाकीच्या गोळ्यांसोबत चालतं ना रे? डॉक्टरला एक बार पूछ लूँ क्या?"

"ताई, मी स्वतः लॅबमध्ये टेस्ट केलंय. सगळं पास आहे."

"तू पास केलंय ना? बस मग. डॉक्टर काय तुझ्यापेक्षा जास्त जाणतो का?"

आणि तिने दाजींकडे असं पाहिलं, की बघा माझा भाऊ. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं. ते बरं वाटणं आता आठवलं की अंगावर काटा येतो.

डिसेंबरात लालबागला मेळा भरला तेव्हा ती दोघं इंदूरला आली. ताईला असल्या मेळ्यांचं भारी वेड. चिनीमातीच्या बरण्या, चादरी, सगळं हाताळून बघायचं आणि काही घ्यायचं नाही. त्या दिवशी तिसऱ्या दुकानापाशीच ती बाजूच्या कट्ट्यावर बसली आणि दोन्ही मांड्या चोळायला लागली. "पायात जीवच नाही रे. मांड्या भरून येतात, जसं काही दिवसभर गहू निवडत उकिडवी बसले होते." मी हसलो. म्हणालो, "म्हातारी झालीस ताई. घरात बसून बसून हे होतं. रोज चालत जा, आणि कॅप्सूल चुकवू नकोस." वंदना म्हणाली की एकदा दाखवून घेऊ या. मीच म्हणालो, काही गरज नाही.

जानेवारीत तिला उलट्या व्हायला लागल्या, पाय सुजले. महूतल्या डॉक्टरांनी ॲसिडिटीचं औषध दिलं. चार दिवसांनी सकाळी दाजी चहा घेऊन गेले तर ती उठली नाही. सदुसष्ट वर्षांची होती. शुगर होती, थंडी होती. डॉक्टरांनी हृदय बंद पडलं असं लिहिलं आणि आम्हा सगळ्यांना ते पटलं. भन्तेजी आले, बुद्धवंदना झाली, पुण्यानुमोदनाला अर्धी वस्ती लोटली. लोक म्हणत होते, झोपेत गेली, भाग्याची होती. मीही मान हलवत होतो.

ती गेल्यावर माझं कशातच मन लागेना. अबरचबर खाणं वाढलं, वजन वाढलं. म्हणून फेब्रुवारीपासून मी एकीच्या दोन कॅप्सूल केल्या.

दुधाशिवायचा चहा

मार्चमध्ये एके सकाळी कंपनीच्या बसची पायरी मला चढता येईना. पाय उचलला तर गुडघ्याच्या वरचं सगळं भिजल्या गोणपाटासारखं जड. आतून क्लीनर म्हणाला, "क्या हुआ साब, कल रात सराफे में ज़्यादा खा लिया क्या?" बसमधले सगळे हसले, मीही हसलो आणि दांड्याला धरून कसाबसा वर आलो. दोन दिवसांनी हेल्मेट खुंटीला अडकवायला हात वर जाईना. तिसऱ्या दिवशी लघवी पाहिली. दुधाशिवायचा चहा असतो तशी, गडद तपकिरी.

सव्वीस वर्षं नमुन्यांचा रंग पाहून नाक मुरडणारा मी, स्वतःच्या नमुन्याकडे पाहून फ्लश ओढला आणि कामावर जायची तयारी करायला लागलो. वंदनाने मला मोजे घालताना पाहिलं. मोजा हातात धरून मी नुसता बसलो होतो, वाकताच येत नव्हतं. तिने रिक्षा बोलावली.

रक्ताचे रिपोर्ट दुपारपर्यंत आले. स्नायू फुटले की रक्तात उतरणारं एक द्रव्य असतं, ते दोनशेच्या आत हवं. माझं पाच आकडी होतं. डॉक्टरीणबाईंनी प्रयोगशाळेला फोन करून आकडा पुन्हा विचारला. अशा वेळी मीही पुन्हा विचारतो, म्हणून मला समजलं की गोष्ट साधी नाही. स्नायू विरघळून रक्तात येत होते आणि त्या गाळाने किडन्या तुंबत होत्या. लिव्हरही बिघडलं होतं. कोलेस्टेरॉलच्या गोळीने क्वचित असं होतं, पण इतक्या लहान डोसवर इतकं कसं, हे त्यांना कळत नव्हतं. आणि तो प्रश्न त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या.

दुसऱ्या संध्याकाळी वंदना विम्याचं कार्ड शोधायला माझी ऑफिसची बॅग घेऊन आली. आतून डबी निघाली. तिने ती डॉक्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. किडनीचे डॉक्टर डबी घेऊन माझ्या पलंगाशी आले. बुटके, हळू बोलणारे गृहस्थ. ते रागावले नाहीत, त्याचाच मला जास्त त्रास झाला.

"ये कब से?"

"दिवाली से। लेकिन सर, ये तो मशरूम है। मैंने खुद टेस्ट किया है।"

"किस चीज़ के लिए टेस्ट किया?"

मी सांगितलं. ओलावा, जड धातू, जंतू.

"और इसके अंदर क्या है, वो?"

ते म्हणाले, काही मशरूमांत मुळातच कोलेस्टेरॉलच्या गोळीसारखं काम करणारं द्रव्य असतं, आणि कधीकधी गुण लवकर यावा म्हणून वरूनही मिसळतात. नक्की काय ते या डबीवरून सांगता येणार नाही. "दोनों मिलके एक ही काम कर रहे थे। आपको लगा एक दवाई है, एक सब्ज़ी है।"

ते पलंगापासून वळण्याआधीच मला लालबागचा कट्टा दिसला. मांड्या चोळणारी ताई दिसली. सुजलेले पाय, उलट्या. एकेक खूण जागेवर येऊन बसत गेली. मी डॉक्टरांना हाक मारली आणि विचारलं, माझी बहीणही हेच घेत होती, जानेवारीत वारली, त्याने असेल का? "कह नहीं सकते। कोई जाँच हुई थी?" नव्हती झाली. "फिर कोई नहीं कह सकता," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून निघून गेले.

अठरा दिवस

मी अठरा दिवस दवाखान्यात होतो. पाच वेळा डायलिसिस झालं. त्या खोलीत कुणी बोलत नाही. रक्त नळीतून बाहेर जाताना दिसतं आणि परत येताना दिसतं, आणि अंगात अशी थंडी भरते की दोन घोंगड्या पुरत नाहीत. मला भीती वाटत होती, मरायची वाटत होती आणि जन्मभर इथे येत राहायचीही वाटत होती. पण त्याहून वाईट होतं ते दुखणं. कूस बदलताना मांडीतून जी कळ यायची ती आली की मला वाटायचं, हे तिचं आहे. असंच तिला झालं असणार. आणि ती जिने चढत होती, भाकऱ्या थापत होती, आणि मी सांगितलं म्हणून चालायला जात होती. दाजींनी नंतर सांगितलं होतं, शेवटच्या आठवड्यातही ती थांबत थांबत चौकापर्यंत जाऊन यायची.

वंदना दोन दिवस माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलली. तिसऱ्या दिवशी सलाईनची नळी नीट करता करता म्हणाली, "मला मूर्खात काढलंत ना तुम्ही? कुत्र्याच्या छत्र्या म्हणाले तेव्हा हसलात." आणि रडायला लागली. मला तिला जवळ घ्यायचं होतं, पण हात उचलत नव्हता. ताईबद्दल मी तिला त्याच दिवशी सांगितलं. तिने डोळे पुसले. तिच्याही ते मनात येऊन गेलं होतं. बोलली नव्हती.

बरं वाटावं असंही काही होतं. वॉर्डात सांवेरकडची एक मौसी होती, सफाई आणि पेशंट उलटंपालटं करण्याचं काम करायची. तिला माझं नाव माहीत नव्हतं, ती सगळ्यांनाच भिया म्हणायची. मला कूस बदलून देताना ती आधी आपले हात एकमेकांवर घासून गरम करायची. तिला कुणी हे शिकवलं नसणार. अकराव्या दिवशी तिने लघवीची पिशवी उजेडात धरली आणि आख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "भिया, एकदम साफ! पानी जैसी!" शेजारच्या पलंगावरच्या आजोबांनी टाळ्या वाजवल्या. मला इतका आनंद नोकरीत बढती मिळाली तेव्हाही झाला नव्हता.

महूहून दाजी दोनदा भेटायला आले. स्टुलावर ताठ बसायचे, जाताना पलंगाच्या कडेला दोन सफरचंदं ठेवायचे. त्यांनी विचारलं, नक्की झालं काय? मी वंदनाकडे पाहिलं आणि म्हणालो, "इन्फेक्शन. किडनीपर्यंत गेलं." कॅप्सूलचं नाव काढलं असतं तर ताईचा विषय आला असता. त्यांनी मान डोलावली. दवाखान्यात भेटायला आलेल्या सगळ्यांना आम्ही पुढे तेच सांगितलं.

घरी

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात घरी आलो. किडन्या हळूहळू मार्गावर येत होत्या. खाण्यावर इतकी बंधनं होती की वंदनाने यादी फ्रिजवर चिकटवली होती. इंदूरच्या माणसाला पोह्यांवर शेव नाही, यापुढे अजून काय शिक्षा असते ते मला माहीत नाही. घरातल्या उरल्यासुरल्या डब्या तिने कचरागाडीत टाकून दिल्या. शर्माजींना फोन केला, त्यांना सगळं सांगितलं. ते हादरले. ते स्वतः कोलेस्टेरॉलची गोळी घेत नव्हते, नुसत्या कॅप्सूल घ्यायचे. त्यांनी त्या बंद केल्या.

दाजींना सांगायचं राहिलं होतं. वंदनाचं म्हणणं होतं की सांगू नका. "सिद्ध तर होणार नाही. त्यांनी एवढंच धरून ठेवलंय की ती झोपेत सुखाने गेली. तेही काढून घेणार का त्यांच्याकडून?" हे मला पटलं. लगेच पटलं. आता कळतं की भित्र्या माणसाला दयेचं कारण फार लवकर पटतं. मी दर रविवारी दाजींना फोन करायचो, पाच मिनिटं बोलायचो आणि फोन ठेवल्यावर सुटल्यासारखं वाटायचं. "तब्येत कशी?" "ठीक. तुझी?" "ठीक." एवढंच.

पण घरात ताई होती. जिना चढताना मी थांबलो की ती माझ्या मागे थांबायची. कामावर परत रुजू झालो, पहिल्याच दिवशी एका बॅचवर सही करायची होती, आणि पेन हातात घेतल्यावर मला तिचा आवाज आला, तू पास केलंय ना? बस मग. मी त्या दिवशी सही केली नाही. सगळे रिपोर्ट पुन्हा पहिल्यापासून वाचले. अजूनही वाचतो. एकाचे तीन तास लागतात, आणि माझे साहेब कुरकुर करतात.

जूनमध्ये तपासणीसाठी गेलो तेव्हा किडनीच्या डॉक्टरांनी रिपोर्ट पाहून समाधानाने मान हलवली आणि सहज विचारलं, "घर में और तो कोई नहीं ले रहा ना ये कॅप्सूल?" मी म्हणालो, "नहीं सर।" बाहेर येऊन स्कूटरची किल्ली शोधायला लागलो आणि लक्षात आलं की हा प्रश्न मला त्यांनी विचारला तेव्हा माझ्या मनात एकच नाव आलं होतं, ताईचं, आणि ती आता नाही म्हणून मी नाही म्हणालो होतो. मला स्वतःची शिसारी आली. वंदनाला फोन करून सांगितलं की मी महूला जातोय. ती म्हणाली, "जा. आता मलाही ते सहन होत नाहीये."

महू

दुपारी एकला पोचलो. दाजींनी दार उघडायला बराच वेळ लावला. मी चौकटीशी उभा राहून काय बोलायचं ते मनात जुळवत होतो. दार उघडलं तेव्हा त्यांनी एका हाताने भिंत धरली होती. सत्तरी ओलांडलेला माणूस, एकटा राहतो, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. समोर ताईचा फोटो, त्यापुढे ताजी फुलं.

मी बसलो आणि सगळं सांगितलं. इन्फेक्शन नव्हतं हे सांगितलं. लॅबमधला शनिवार, ते टोक, ते मी कसं सोडून दिलं. डॉक्टर काय म्हणाले. लालबागला मी काय म्हणालो तेही, जरी ते तिथेच होते. म्हणालो, "दाजी, पक्कं कोणी सांगू शकत नाही. पण मला वाटतं ताई माझ्यामुळे गेली." बोलताना मी त्यांच्याकडे पाहिलं नाही. मला वाटत होतं ते मला बाहेर जायला सांगतील. त्यांनी तसं सांगावं असंही वाटत होतं.

त्यांनी विचारलं, "मतलब कोलेस्टेरॉलची गोळी आणि हे मशरूम, दोन्ही एकसाथ नाही घ्यायचं?"

"नाही."

"अच्छा." त्यांनी फोटोकडे पाहिलं. "मिलिटरी हॉस्पिटलमधून मला पण ती गोळी मिळते ना रे. दो साल हो गए."

मला अजून उमगलं नव्हतं. त्यांनी स्टूल जवळ ओढलं, त्यावर दोन्ही हात टेकले आणि जोर लावून उठले. मांड्या थरथरत होत्या. फोटोच्या शेजारच्या फळीवरून त्यांनी हिरव्या झाकणाची डबी उचलली.

"तिच्या तीन उरल्या होत्या. तू इतकं तपासून आणलेलं, फेकवलं नाही. सकाळी तिला अगरबत्ती लावतो, मग एक घेतो. तिचंच काही पूर्ण करतोय असं वाटायचं."

मी त्यांच्या हातातून डबी घेतली. तळाशी आठ-दहा कॅप्सूल होत्या. मी त्यांना विचारलं, लघवी कशी होते? ते लाजले. मग म्हणाले, जरा लाल होते, गर्मी आहे ना. मी त्यांना चपला घातल्या, दाराला कुलूप लावलं, स्कूटर तिथेच ठेवली आणि त्यांना रिक्षात बसवून थेट इंदूरला त्याच डॉक्टरांकडे आणलं. डबी टेबलावर ठेवली आणि म्हणालो, "सर, मैंने झूठ बोला था।"

आकडा चढलेला होता, माझ्याइतका नाही. किडन्या अजून शाबूत होत्या. दोन्ही गोळ्या बंद, सलाईन, पाच दिवस भरती. डॉक्टर म्हणाले की आणखी काही दिवस गेले असते तर डायलिसिसची वेळ आली असती. आज ते आमच्याच घरी आहेत, वंदनाच्या यादीप्रमाणे जेवतात आणि शेवेसाठी तिच्याशी भांडतात.

ही हकीकत वाचणाऱ्याला एकच सांगायचं आहे. तुमच्या घरात डबीवर 'नैसर्गिक' लिहिलेलं काहीही कोणी घेत असेल, तर ते डॉक्टरांना सांगा, विचारलं नाही तरी सांगा. आणि तुम्ही ज्यांना दिलं असेल त्यांना आज सांगा. लाज वाटेल. वाटू द्या.

त्या दिवशी भरती केल्यावर सलाईन लागलं तेव्हा मी दाजींच्या पलंगाशी बसलो होतो. मी रागावलोच होतो, स्वतःवर होतो पण आवाज त्यांच्यावर चढला. "दाजी, इतके पाय दुखत होते तर मला फोनवर एकदा बोलायचं ना!"

"तू बीमार होतास रे," ते म्हणाले. "तुला कशाला आणखी टेन्शन द्यायचं."

"पण किती दिवसांपासून दुखतायत?"

त्यांनी आठवून पाहिलं. स्टोअरमधला माणूस, त्यांना अंदाजाने सांगायला आवडत नाही.

"तू दवाखान्यातून घरी आलास ना," ते म्हणाले, "त्याच्या दुसऱ्या हप्त्यापासून."